बसून बघितलेली खुर्ची

आमच्या इमारतीत कुणाला काही विकत घ्यायचं असलं की आधी मला विचारत. हे वाक्य मी भूतकाळात लिहितोय, आणि ते का, हेच सांगायला बसलोय.

एका मोठ्या कारखान्याच्या खरेदी खात्यात मी एकतीस वर्षं माल तपासनीस होतो. आलेली वस्तू, मग तो स्क्रू असो की साहेबांचं टेबल, हातात घ्यायची, हलवायची, वाकवायची, जमल्यास तिच्यावर बसायचं, आणि मगच कागदावर शिक्का मारायचा: 'तपासले. योग्य.' खात्याचा नियम एकच. हात लावल्याशिवाय सही नाही. या नियमापायी मी दोन बढत्या घालवल्या आणि एका साहेबाशी सात वर्षं अबोला धरला. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि शिक्का काढून घेतला. घड्याळ मी घरी आणून तपासलं. दिवसाला चार मिनिटं मागे पडतं.

निवृत्त माणसाला कुणी काही विचारत नाही म्हणतात. मला विचारत होते. वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण इस्त्री घ्यायला मला दुकानात घेऊन गेली. सेक्रेटरींनी इमारतीचा पाण्याचा पंप घेताना मला दुकानदारापुढे उभं केलं. मी पंपावर नुसतं बोटाने टकटक केलं आणि दुकानदाराने आपणहून भाव उतरवला. त्या दिवशी मी छाती पुढे काढून घरी आलो. बायको म्हणाली, फुकटच्या कामाला एवढा घाम कशाला गाळता. ती अजून शाळेच्या कार्यालयात नोकरीला आहे, त्यामुळे घरात तिच्या बोलण्याला वजन आहे.

या सगळ्यांत तळमजल्यावरच्या टेलरमास्तरांचं आणि माझं वेगळं होतं. रस्त्याकडच्या खिडकीशी त्यांचं पायाने चालवायचं मशीन, मागे कापडांचा ढीग, त्यामागे खाट. बायको गेल्यापासून एकटेच. वीस वर्षं माझ्या पँटी तेच उंचीला कमी करतात, कारण बाजारातल्या पँटी कुणातरी दुसऱ्याच माणसासाठी शिवलेल्या असतात. पहिल्या वेळी मी सवयीने पँट उलटी करून टाके बघायला लागलो, तर मास्तर चष्मा काढून पुसत बसले. त्यानंतर त्यांची शिवण मी कधी तपासली नाही. मी न तपासता घेतो अशी जगात तेवढी एकच गोष्ट. तेही माझ्या शब्दावर उलटा प्रश्न करत नसत. "तुम्ही बघितलंय ना, मग झालं," एवढंच म्हणत.

तर बायकोने टाकलेला 'फुकट' हा शब्द जावयाने उचलला. जावई संगणकात आहे. नेमका कशात, ते मला चार वर्षांत कळलेलं नाही, पण घरी आला की मान खाली घालून असतो, तेव्हा काम महत्त्वाचं असणार. त्याने मला हिशेब समजावला. लोक माझं ऐकून वस्तू घेतात आणि फायदा दुकानदाराचा होतो. त्यापेक्षा ऑनलाइन दुकानाचं सदस्य व्हायचं, वस्तूची लिंक घ्यायची, त्या लिंकमध्ये आपला नंबर दडलेला असतो, ती ओळखीपाळखीच्यांना पाठवायची. कुणी त्या वाटेने वस्तू घेतली की आपल्याला कमिशन. घरबसल्या. 'घरबसल्या' हा शब्द कानावर पडला की शहाण्या माणसाने उठून चालू लागावं. मी बसून राहिलो.

सदस्य होणं म्हणजे पुन्हा नोकरीला लागण्यासारखं होतं. अर्जात विचारलं होतं, तुमचे अनुयायी किती? मी बायकोला विचारलं, तुला धरू का. ती म्हणाली, आधी मला विचार करू दे. मग ओळखपत्र हातात धरून स्वतःचा फोटो काढायचा होता. पहिला नापास, चेहरा अस्पष्ट. दुसरा नापास, ओळखपत्र अस्पष्ट. तिसऱ्यात दोन्ही स्पष्ट होतं, तर ओळखपत्रावरचा माणूस आणि मी एकच आहोत याची खात्री पटत नाही, असं उत्तर आलं. फोटो बावीस वर्षांपूर्वीचा. खरं सांगायचं तर खात्री मलाही पटेना.

बँकेत कमिशनसाठी वेगळं खातं उघडायला गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी व्यवसाय विचारला. मी म्हणालो, लिंक पाठवतो. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि शेजारच्या बाईंकडे बघितलं. शेजारच्या बाईंनी मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजरनी मला केबिनमध्ये बसवलं आणि अनोळखी लिंक पाठवून लोकांना कसं लुबाडतात यावरचं एक पत्रक माझ्या हातात ठेवलं. मी म्हणालो, माझ्या लिंका ओळखीच्या आहेत. ते म्हणाले, सगळे असंच म्हणतात. एकतीस वर्षं लोकांचा माल अडवून धरणारा मी, त्या दिवशी पावणेदोन तास स्वतःच अडकून पडलो होतो.

तरी सुरुवात झोकात झाली. इमारतीच्या ग्रुपवर मी एका विजेरीची लिंक टाकली. ही विजेरी माझ्या घरात नऊ वर्षं आहे, दोनदा जिन्यावरून पडली आहे, म्हणजे पूर्ण तपासलेला माल. सेक्रेटरींनी लगेच घेतली. मला जे कमिशन मिळालं त्यात तिचे सेलसुद्धा आले नसते, पण मी तो आकडा पडद्यावर इतक्या वेळा उघडून बघितला की बायको म्हणाली, बघून बघून वाढणार आहे का.

वाढलं नाही, तेव्हा सल्ले आले. सल्ल्याला आमच्या इमारतीत कमिशन लागत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसत्या लिंका कोण बघतं, व्हिडिओ करा, दात दिसू द्या. म्हणून मी साल काढण्याच्या यंत्राचा व्हिडिओ केला. डाव्या हातात बटाटा, उजव्या हातात यंत्र, समोर पुस्तकांना टेकवलेला फोन. दात दाखवण्याकडे लक्ष असल्यामुळे अंगठ्याची साल निघाली. पट्टी बांधून मी व्हिडिओ पुरा केला, कारण सुरू केलेली तपासणी अर्धवट सोडायची नसते. तो अकरा वेळा बघितला गेला, त्यांतल्या नऊ वेळा मीच. खाली एकच प्रतिक्रिया आली: 'काका, ती पट्टी छान चिकटलीय. तिची लिंक द्या ना.'

मग जावयाने सांगितलं की मजकूर चटकदार हवा, आणि कंपनीनेच तयार केलेला असतो तो नुसता उचलून चिकटवायचा. त्याप्रमाणे मी एका गादीचा मजकूर उचलून फोनमध्ये तयार ठेवला. तेवढ्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर निरोप आला की आमचे थोरले मावसोबा गेले. मी चष्म्याशिवाय घाईघाईने दुःख व्यक्त करायला गेलो आणि बोट कुठेतरी जास्त वेळ दाबलं गेलं. मावसोबांच्या फोटोखाली माझ्या नावाने उमटलं: 'अशी झोप, की उठावंसंच वाटणार नाही! मोजकेच नग शिल्लक, आजच घ्या.' ते पुसायला मला तेरा मिनिटं लागली, कारण पुसायचं कसं हे विचारायला मी ज्याला फोन करत होतो तो जावई तोच मजकूर वाचत होता. मावशी माझ्याशी अजून बोलत नाही. त्यांच्या घरातल्या कुणीतरी ती गादी घेतली, हे मला नंतर कमिशनवरून कळलं. आनंद व्हावा की लाज वाटावी ते ठरेना, तेवढ्यात त्यांनी ती परत केली.

हा परत करण्याचा प्रकार मला कुणी नीट सांगितला नव्हता. वस्तू घरी आल्यापासून तीस दिवसांत परत करता येते, आणि परत केली की आपलं कमिशन पडद्यावरून जातं. तिथे लाल अक्षरांत 'रद्द' एवढंच दिसतं. गादी रद्द. डॉक्टरीणबाईंचा पंखा रद्द. सेक्रेटरींची विजेरीसुद्धा रद्द. माझी दया येऊन बायकोने माझ्याच लिंकवरून एक छत्री मागवली, तर एकाच घरातली संशयास्पद खरेदी म्हणून माझं खातंच आठ दिवस गोठवलं. तक्रार करायला गेलो तर पलीकडे यंत्र होतं. ते म्हणालं, आम्ही आपल्या भावना समजू शकतो. मी लिहिलं, मला भावना नाहीत, खातं चालू करा. त्यावर ते म्हणालं, आम्ही आपल्या भावना समजू शकतो.

इकडे सेक्रेटरींनी ग्रुपवर सूचना लावली की रहिवाशांनी व्यापारी मजकूर टाकू नये. नाव नव्हतं, पण इमारतीत व्यापारी मी एकटाच होतो. आणि त्याच आठवड्यात जिन्यात भेटलेल्या डॉक्टरीणबाईंना मी आपणहून, चांगल्या मनाने, अमुक कुकर घ्या असं म्हणालो, तर त्या हसून म्हणाल्या, "यात तुमचं किती?"

वाक्य साधं होतं, हसून म्हटलेलं होतं. मी दोन जिने चढून घरी आलो आणि बराच वेळ चपला न काढता बसून राहिलो. त्या कुकरमध्ये माझं काहीच नव्हतं. पण हे मी शपथेवर सांगितलं असतं तरी आता कुणाला खरं वाटलं नसतं, आणि त्यात त्यांची चूकही नव्हती. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटून माणूस शहाणा होतो हा समज चुकीचा आहे. मी ठरवलं, निदान एकदा तरी हे कमिशन पदरात पाडून दाखवायचं, म्हणजे झाल्या अपमानाला काहीतरी अर्थ येईल.

अशा मनःस्थितीत मी असताना टेलरमास्तर कठडा धरून दोन जिने चढून आले. त्यांची पाठ धरायला लागली होती. पन्नास वर्षं लोखंडी स्टुलावर वाकून बसलेला माणूस. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बसायला नीट काहीतरी घ्या, नाहीतर मशीन बंद करा. मशीन बंद केल्यावर मास्तरांनी दिवसभर करायचं काय, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. "एखादी खुर्ची सांगा," मास्तर म्हणाले. "तुम्ही सांगाल ती."

खुर्ची माझ्या पडद्यावर तयारच होती. सगळ्या मालात सर्वांत जास्त कमिशन तिच्यावर होतं. उंच पाठ, मानेला उशी, खाली पाच चाकं, आणि तिच्यावर बसलेली एक बाई, जिची पाठ कधी दुखली असेल असं वाटत नव्हतं. मी फोटो दाखवला. मास्तरांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एक जास्तीचा प्रश्न विचारला.

"तुम्ही बसून बघितलीत ना?"

"हो," मी म्हणालो. "बघितली."

एकतीस वर्षांत मी खोटी सही केली नव्हती. ती त्या दिवशी बनियनवर, स्वतःच्या घराच्या दारात उभं राहून केली. मास्तर म्हणाले, मग झालं. जेवताना बायकोने विचारलं, कधी बसला होतात? मी म्हणालो, तशाच एका खुर्चीवर, दुकानात. तिने माझ्याकडे बघितलं आणि ताटात वाढत राहिली. म्हणजे एका दिवसात दोन सह्या झाल्या.

खुर्ची आली ती मी गॅलरीतून बघितली. चांगला मोठा खोका होता. खाली जाऊन जोडायला हात लावावा असं मनात आलं, पण त्याच दिवशी मला नेमकी जुनी बिलं लावून ठेवायची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी घड्याळ चार मिनिटं पुढे करायचं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. दहा-बारा दिवसांनी एक नवी पँट उंची कमी करायला घेऊन गेलो, तर मास्तरांनी ती दारातूनच घेतली. मी विचारलं, खुर्ची कशी काय? ते म्हणाले, "खुर्ची उत्तम आहे. सवय व्हायला हवी." मी हलक्या पायांनी वर आलो.

पुढे माझं लक्ष पडद्यावरच्या त्या एका ओळीवर लागलं. बाकी सगळं लाल झालं होतं, खुर्ची तेवढी टिकून होती. दिवस मोजण्यात मी इतका गुंतलो की मास्तरांचं मशीन ऐकू येत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही. बायकोच्या आलं. ती म्हणाली, खिडकीचा पडदा हल्ली ओढलेलाच असतो, आणि शाळेतल्या एका बाईंचं कापड त्यांनी न शिवता परत केलं. मी म्हणालो, वय झालं. त्यांच्याहून मी अकरा वर्षांनी लहान आहे, मला ते म्हणायला काही वाटलं नाही.

एकतिसाव्या दिवशी सकाळी फोनचा पडदा हिरवा झाला. 'अभिनंदन! आपले कमिशन मंजूर झाले आहे.' रक्कम बऱ्यापैकी चपलांच्या एका जोडाएवढी होती. मी बायकोला दाखवली. ती म्हणाली, "पँट आणा आधी. तीन आठवडे होत आले."

मी खाली गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत मास्तर मशीनशी नव्हते, खाटेवर भिंतीला उशी लावून टेकले होते आणि माझी पँट मांडीवर घेऊन हातानेच टाके घालत होते. खुर्ची मशीनपुढे होती. तिच्या पाठीला दोन्ही बाजूंनी माप घ्यायच्या टेपा गुंडाळून त्यांची टोकं खिडकीच्या गजांना बांधलेली होती. चाकांखाली विटांचे तुकडे होते. एक तुकडा फुटला होता. मशीनपासून मागच्या कपाटापर्यंत फरशीवर चाकांच्या काळ्या रेघा गेल्या होत्या, जाऊन आलेल्या, पुष्कळ.

मला समजायला वेळ लागला नाही. हाच तर माझा धंदा होता. पायाने मशीन दाबायचं म्हणजे माणूस पायाने जमीन ढकलतो. चाकांच्या खुर्चीवर बसून ढकललं की खुर्ची मागे जाते. प्रत्येक टाक्याला मास्तर मागे गेले असणार आणि पाठ ताणून स्वतःला पुन्हा पुढे ओढत आले असणार. महिनाभर. तिच्यावर मी अर्धा मिनिट बसलो असतो तरी हे कळलं असतं.

मी विचारलं, परत का नाही केलीत? तीस दिवसांची मुदत होती.

मास्तर म्हणाले, "परत कशी करणार? तुम्ही बसून बघितलेली. मला वाटलं, खुर्चीत खोट नाही, आता माझ्या पाठीतच काही राहिलं नाही." मग सुई थांबवून म्हणाले, "डॉक्टरही तेच म्हणाले परवा. आता मशीन पुरे."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण जे हाताला माहीत होतं तेच मी केलं. टेपा सोडल्या, विटा काढल्या, खुर्चीवर बसलो, मशीनच्या पायटीवर पाय ठेवले आणि दाबलं. खुर्ची मला घेऊन मागे गेली आणि कपाटावर आपटली. वरून कापडाचा एक तागा माझ्या खांद्यावर पडला. दुसरा कुठलाही दिवस असता तर आम्ही दोघंही हसलो असतो.

मास्तर माझ्याकडे बघत होते. "कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"नापास," मी म्हणालो.

त्यांनी सुई कापडात खोचून ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे आज पहिल्यांदाच बसलात."

मी मान हलवली. खुर्चीचे सगळे पैसे मी भरून देतो म्हणालो, दुसरं चांगलं स्टूल आणतो म्हणालो, दहा दुकानं फिरून, शंभर स्टुलांवर बसून आणतो म्हणालो. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी शेवटची गाठ मारली, दाताने दोरा तोडला, पँटीची घडी घातली आणि माझ्यापुढे धरली. मी घ्यायला हात पुढे केला, तर त्यांच्या काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी घडी पुन्हा उलगडली, पँट उलटी केली, आणि शिवण वर करून माझ्या हातात दिली.

"तपासून घ्या," ते म्हणाले.

ते चष्मा काढून पुसत बसले. मला पँट तशीच घेऊन निघता आलं असतं, पण त्यांनी सांगितलं होतं, म्हणून मी खिडकीचा पडदा थोडा बाजूला केला आणि उजेडात शिवण बघितली. दोन्ही पाय, या टोकापासून त्या टोकापर्यंत. टाके सगळे सारखे होते. कुठेही खोट नव्हती.